टीव्ही नाही, फक्त लॅपटॉप आहे. तरी ब्रिटनमध्ये टीव्ही लायसन्स लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा : इंग्लंडमध्ये मास्टर्स करायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या पत्त्यावर पत्र आलं आहे. वर नाव नाही, ‘लीगल ऑक्युपायर’ म्हणजे ‘घरात कायदेशीरपणे राहणारा’ एवढंच. या पत्त्यावर टीव्ही लायसन्स, म्हणजे टीव्ही बघण्यासाठी दरवर्षी पैसे भरून घ्यायचा परवाना, नाही, आता चौकशी होणार, असा मजकूर. घरात टीव्ही नाही. चौघांनी मिळून घर भाड्यानं घेतलंय, प्रत्येकाकडे लॅपटॉप आणि फोन. नेटफ्लिक्स, यूट्यूब, झी फाइव्हवरच्या मालिका आणि क्रिकेट, एवढंच बघणं होतं. मग पैसे भरायचे, की पत्र फाडून टाकायचं?

मी इथल्या एका सल्लाकेंद्रात भाडं, बिलं, थकबाकी असली प्रकरणं बघते. विद्यापीठं सुरू झाली की थोड्याच दिवसांत ही पत्रं घेऊन मुलं यायला लागतात. बहुतेकांना आधीच दोन सल्ले मिळालेले असतात. एक सीनियर म्हणतो, ‘टीव्ही नाही ना? मग कचऱ्यात टाक.’ दुसरा म्हणतो, ‘लॅपटॉप असला तरी भरावंच लागतं, नाहीतर व्हिसा जातो.’ दोघंही चुकीचं सांगतात.

इथल्या कायद्याला तुमच्या यंत्राशी काही देणंघेणं नाही. तुम्ही काय बघता आणि कधी बघता, यावर सगळं ठरतं. भिंतीवर पासष्ट इंची टीव्ही टांगून त्यावर फक्त नेटफ्लिक्सवरचे सिनेमे बघितले, तर लायसन्स लागत नाही. हातातल्या फोनवर एखादा चॅनल लाइव्ह लावला, तर लागतं.

आधी हे असं का झालं ते सांगते, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. ब्रिटनमध्ये १९२२ साली रेडिओसाठी दहा शिलिंगांचं लायसन्स सुरू झालं. टीव्हीचं आलं १९४६ मध्ये, दोन पौंडांचं. तेव्हा घरात संच आहे म्हणजे प्रक्षेपण बघितलं जातंय, एवढा साधा हिशेब होता. आपल्याकडेही तसंच होतं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरलेली, त्याचं पुस्तक जपून ठेवलेली माणसं आजही घराघरांत सापडतील. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा टीव्हीलाही लायसन्स लागायचं. भारत सरकारनं १९८०च्या दशकात ते मोडीत काढलं. ब्रिटननं १ फेब्रुवारी १९७१ पासून रेडिओचं लायसन्स बंद केलं, टीव्हीचं मात्र ठेवलं. पुढे इंटरनेट आलं आणि संच व प्रक्षेपण यांची ताटातूट झाली. कायद्यानं संचाचा हात सोडला आणि प्रक्षेपणाचा धरला. २००३च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं कलम ३६३ म्हणतं, लायसन्सशिवाय ‘टेलिव्हिजन रिसीव्हर’ बसवणं किंवा वापरणं हा गुन्हा. आणि २००४च्या नियमांनुसार रिसीव्हर म्हणजे असं कुठलंही उपकरण, ज्यावर टीव्हीचा कार्यक्रम इतर प्रेक्षकांना दिसतो त्याच वेळी, किंवा जवळजवळ त्याच वेळी, बघितला जातो. लॅपटॉप, टॅबलेट, फोन, गेमचा कन्सोल, सगळं त्यात बसतं. पण तशा वापरासाठी असेल तेव्हाच.

‘त्याच वेळी’ हे शब्द धरून ठेवा. चॅनल कुठलाही असो, ॲप कुठलंही असो, कार्यक्रम कुठल्याही देशातून येत असो, टीव्हीवर चालू असलेलं तुम्ही त्याच वेळी बघत असाल तर लायसन्स हवं. ‘मी बीबीसी बघतच नाही’ हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. पैसा मुख्यतः बीबीसीला जातो हे खरं. पण लायसन्स बीबीसी बघण्याचं नाही, लाइव्ह टीव्ही बघण्याचं आहे. लाइव्ह चालू असलेलं रेकॉर्ड करून ठेवलं, किंवा थांबवून दहा मिनिटांनी पुढे बघितलं, तरी सूट नाही. तासभर उशिरा तेच कार्यक्रम दाखवणारे जे ‘प्लस वन’ चॅनल इथे आहेत, तेही लाइव्हमध्येच धरतात.

याला एकच जोड आहे, बीबीसी आयप्लेयर, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवर बघायची सेवा. पूर्वी तिथे जुने भाग लायसन्सशिवाय बघता यायचे. १ सप्टेंबर २०१६ पासून ती वाट बंद झाली. आता आयप्लेयरवर बीबीसीचा कुठलाही कार्यक्रम, लाइव्ह असो, गेल्या महिन्यातला असो की डाउनलोड केलेला, लायसन्सशिवाय बघता येत नाही. आयटीव्हीएक्स किंवा चॅनल फोरच्या ॲपला हा नियम नाही. तिथले जुने भाग खुशाल बघा, फक्त ‘लाइव्ह’च्या बटणाकडे जाऊ नका. आणि आयप्लेयर उघडताना ‘तुमच्याकडे लायसन्स आहे का’ असं विचारतात, तिथे सवयीनं ‘हो’ दाबू नका. खातं तुमच्या नावाचं आणि ईमेलचं असतं.

आता तुमच्या बघण्याच्या यादीकडे येऊ. खरी गुंतागुंत इथेच आहे, आणि इथल्या सरकारी माहितीपत्रकांत मराठी घरातलं बघणं काही सापडत नाही.

झी फाइव्हवरची मालिका. भाग उघडला, हवा तेव्हा बघितला, तर ते ऑन डिमांड, लायसन्स नको. काही मालिकांचे भाग टीव्हीवर यायच्या आधीच ॲपवर येतात, तेही ऑन डिमांडच, कारण त्या क्षणी ते कुठल्या चॅनलवर चालू नसतात. पण त्याच ॲपमध्ये लाइव्ह चॅनलचा विभाग असतो. तिथे जाऊन संध्याकाळचा स्लॉट भारतात लागतो त्याच वेळी बघितला, तर लायसन्स हवं. कार्यक्रम तोच, ॲप तेच, एका बोटाचा फरक. आईशी फोनवर बोलत बोलत दोघींनी एकच भाग एकदम बघायची सवय असेल, तर आई लाइव्ह बघतेय आणि तुम्ही काय बघताय, ते एकदा तपासा.

मराठी बातम्या. एबीपी माझासारखे चॅनल यूट्यूबवर चोवीस तास चालू असतात. ते टीव्हीवरचंच प्रक्षेपण आहे, फक्त दुसऱ्या वाटेनं आलेलं. म्हणून लाइव्ह बघायला लायसन्स लागतं. यूट्यूब फुकट आहे, चॅनल भारतातला आहे, असं सांगून उपयोग नाही. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची मतमोजणी भारतात सकाळी आठला सुरू झाली, तेव्हा इथे रात्रीचे अडीच वाजले होते, आणि किती मराठी घरांतले लॅपटॉप उघडे होते याची कल्पना मला आहे. त्यातल्या किती घरांत लायसन्स होतं, ते विचारायला मी गेले नाही. त्याच चॅनलनं नंतर टाकलेली चर्चेची किंवा भाषणाची क्लिप सकाळी चहाबरोबर बघितली, तर काहीच लागत नाही.

मग यूट्यूबवर ‘लाइव्ह’ लिहिलेलं सगळंच आलं का? नाही. एखादा गेमर स्वतः खेळताना लाइव्ह येतो, कुणी स्वयंपाक करत गप्पा मारतो, सिद्धिविनायकाचं देवस्थान स्वतःच्या कॅमेऱ्यातून दर्शन दाखवतं. हे टीव्हीचे कार्यक्रम नाहीत. बाप्पाच्या दर्शनाला ब्रिटिश लायसन्स लागत नाही. तीच आरती एखादा चॅनल थेट दाखवत असेल आणि तुम्ही तो चॅनल लावला असेल, तर गोष्ट बदलते. रेघ बारीक आहे, मान्य. मी लोकांना एकच विचारायला सांगते : ‘हे आत्ता कुठल्या टीव्ही चॅनलवर, किंवा टीव्हीसारख्या चालणाऱ्या सेवेवर, सगळ्यांसाठी चालू आहे का?’

क्रिकेट. इथे पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका, नाहीच. आयपीएलचा संध्याकाळचा सामना इथे उन्हाळ्यात दुपारी तीनला सुरू होतो, आणि लाइव्ह बघायचा तर लायसन्स लागतंच. सामने दाखवणाऱ्या स्काय किंवा नाऊ या सेवांचे पैसे भरले म्हणून लायसन्स भरलं असं होत नाही. ते वेगळं, हे वेगळं. सामना संपल्यावर हायलाइट्स यूट्यूबवर किंवा ऑन डिमांड बघितले तर चालतं, पण आयप्लेयरवरचे हायलाइट्स नाहीत. आणि रेडिओ पूर्ण मोकळा आहे. बीबीसी साउंड्स ॲपला लायसन्स लागत नाही. इंग्लंडमधल्या कसोटीला ‘टेस्ट मॅच स्पेशल’ हे बीबीसीचं रेडिओ समालोचन लावा आणि दिवसभर ऐका. माझं वैयक्तिक मत विचाराल तर कसोटी ऐकण्यात बघण्यापेक्षा जास्त मजा आहे, पण ते असो.

नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइमवर ‘इथे लायसन्सचा संबंधच नाही’ असं डोळे मिटून सांगायचे दिवस गेले. सिनेमे आणि मालिका यांना लागत नाही. पण प्राइम आता फुटबॉलचे सामने थेट दाखवतं, नेटफ्लिक्सवर २०२५ पासून कुस्तीचा साप्ताहिक ‘रॉ’ थेट येतो. तसलं लाइव्ह बघितलं की नियम तोच.

बीबीसी मराठीबद्दलही विचारतात. तिचे व्हिडिओ यूट्यूबवर किंवा वेबसाइटवर बघायला लायसन्स नको. नाव बीबीसीचं असलं तरी ते आयप्लेयर नाही.

तर बघणं ऑन डिमांडपुरतंच असेल, तर तुम्हाला लायसन्स लागत नाही. यात चोरटेपणाही नाही, कायदाच तसा आहे. महिन्यातून एकदा जरी सामना लाइव्ह बघत असाल, तर लागतं. ‘थोडंच बघतो’ अशी सवलत नाही.

लागत असेल तर कुणी घ्यायचं? लायसन्स माणसाचं नसून पत्त्याचं असतं, आणि चौघांच्या घरात ‘पत्ता’ म्हणजे काय ते भाडेकरारावरून ठरतं. चौघांची सही एकाच करारावर असेल, तर साधारणपणे एका लायसन्सवर अख्खं घर भागतं. प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा करार असेल, तर प्रत्येक खोली वेगळी धरली जाते आणि जो लाइव्ह बघतो त्यानं आपल्या खोलीसाठी घ्यायचं. विद्यापीठाच्या हॉलमधल्या खोल्यांचंही तसंच. म्हणून आधी करार काढून वाचा.

विद्यार्थ्यांसाठी एक सवलत आहे, तिच्यावरून हमखास घोटाळा होतो. घरी आई-वडिलांचं लायसन्स असेल, तर मुलगा विद्यापीठाच्या गावी स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणावर लाइव्ह बघू शकतो. मात्र बघताना ते चार्जिंगला लावलेलं नसावं आणि अँटेनाला जोडलेलं नसावं. हे वाचून मुलं खूश होतात. पण लायसन्स ब्रिटनमधल्या घराचं हवं. आई-वडील साताऱ्यात असतील तर या नियमाचा उपयोग शून्य. लंडनमधल्या हॅरोला काका राहतात, त्यांच्याकडे लायसन्स आहे, असं म्हणूनही चालत नाही, कारण तुमचं घर ते नव्हे. शनिवारी काकांकडे जाऊन त्यांच्या सोफ्यावर बसून सामना बघितला तर प्रश्नच नाही, तेव्हा तुम्ही त्यांच्या पत्त्यावर आहात.

जाता जाता मंडळवाल्यांसाठी : हॉल घेऊन अंतिम सामना पडद्यावर दाखवायचा असेल, तर त्या हॉलचं लायसन्स आहे का ते आधी विचारा. आणि घरगुती स्काय जोडणी सार्वजनिक ठिकाणी चालत नाही, तिला वेगळा करार लागतो.

आता ते पत्र. मथळा दरडावणारा, मजकुरात ‘चौकशी’, ‘कोर्ट’, ‘दंड’. ज्या पत्त्याच्या नोंदीत लायसन्स नाही त्या जवळपास प्रत्येक पत्त्यावर अशी पत्रं जातात. तुम्ही काय बघता हे त्यांना कळलंय म्हणून ते आलेलं नाही. लायसन्स देण्याचा अधिकार बीबीसीकडे आहे, आणि ‘टीव्ही लायसन्सिंग’ या नावाखाली कंत्राटी कंपन्या हे काम करतात. तुम्हाला लायसन्स लागत नसेल तर त्यांच्या वेबसाइटवर तसं कळवता येतं. कळवणं बंधनकारक नाही. कळवलं की पत्रं काही काळ थांबतात, साधारण दोन वर्षांनी पुन्हा विचारतात, आणि खात्री करायला माणूस येऊही शकतो. मी कळवून टाका असंच सांगते. दर महिन्याला लाल अक्षरं बघून घरात कुणाची तरी झोप उडण्यापेक्षा ते बरं. पण खोटं कळवू नका.

माणूस दारात आला तर? तो पोलीस नाही. मॅजिस्ट्रेटचं वॉरंट नसेल तर तुमच्या परवानगीशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. आत घ्यायचं की नाही, बोलायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं, आणि नको असेल तर सभ्यपणे ‘नको, धन्यवाद’ म्हणून दार लावता येतं. तो प्रश्न विचारून उत्तरं फॉर्मवर लिहून घेतो आणि खाली सही मागतो. तो फॉर्म म्हणजे तुमचा जबाब. न वाचता सही करू नका. घरात लायसन्सशिवाय लाइव्ह बघणं चालू असेल, तर माणूस यायची वाट बघू नका, आजच घेऊन टाका.

लोकांना जे कळत नाही ते इथे आहे : हा पार्किंगसारखा दंड नाही, फौजदारी गुन्हा आहे. कमाल दंड १००० पौंड, वर कोर्टाचा खर्च, आणि दंड भरला म्हणून लायसन्स मिळत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये असली प्रकरणं बहुतेक ‘सिंगल जस्टिस प्रोसिजर’नं चालतात; एक मॅजिस्ट्रेट कागद बघून निकाल देतो, कुणी कोर्टात उभं राहत नाही. नोटीस टपालानं येते आणि उत्तराला २१ दिवस असतात. विद्यार्थी तोवर घर बदलून गेलेला असतो, पाकीट जुन्या घराच्या पायपुसण्यावर पडून राहतं, आणि इकडे तो दोषी ठरतो. असं झालंच, तर कळल्यापासून २१ दिवसांत कोर्टात ‘स्टॅच्युटरी डिक्लरेशन’, म्हणजे खटल्याची आपल्याला कल्पनाच नव्हती असं प्रतिज्ञेवर निवेदन, देऊन प्रकरण पुन्हा उघडता येतं. घर सोडताना पोस्टाकडून टपाल पुढे पाठवण्याची सोय करून घ्या.

‘व्हिसा जातो’ ही अतिशयोक्ती आहे. पण कोर्टानं दोषी ठरवलं तर ती शिक्षा आहे, आणि व्हिसाच्या फॉर्मवर पूर्वीच्या शिक्षांबद्दल विचारतात तेव्हा ‘टीव्हीची सोडून’ असं लिहिलेलं नसतं. दंडापेक्षा तो लपवणं महागात पडतं. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच फॉर्म भरा.

डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांना मुद्दाम सांगते. या गुन्ह्यात दोषी ठरणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांहून खूपच जास्त आहे. त्या जास्त टीव्ही बघतात म्हणून नव्हे; दिवसा बेल वाजते तेव्हा घरी त्या असतात, दार उघडतात, विचारलेल्याचं खरं उत्तर देतात, आणि कागदावर नाव त्यांचं लागतं. लायसन्सचा निर्णय कुणी घ्यायचा आणि दारात काय बोलायचं, हे नवरा-बायकोनं आधी ठरवलेलं बरं.

पैशांचं : १ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात रंगीत टीव्हीचं लायसन्स १७४.५० पौंडांचं होतं. दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतो, म्हणून घेताना अधिकृत वेबसाइटवर बघा. मासिक हप्त्यांनी पहिलं लायसन्स घेतलं की पूर्ण रक्कम पहिल्या सहा महिन्यांतच वसूल करतात, म्हणजे २०२५च्या दरानं महिन्याला २९ पौंडांच्या आसपास. हप्ता दुप्पट कापला म्हणून घाबरू नका, फसवणूक नाही. फसवणूक वेगळीकडे होते : ‘तुमचं लायसन्स संपलं, इथे क्लिक करा’ असे खोटे ईमेल सर्रास येतात. ईमेलमधल्या दुव्यावरून कधीच पैसे भरू नका. पत्ता स्वतः टाइप करून वेबसाइटवर जा.

जर्मनीत शिकणाऱ्या मित्रांचे सल्ले इथे लावू नका, आणि इथले तिकडे पाठवू नका. तिथे २०१३ पासून प्रत्येक घरामागे प्रसारण शुल्क आहे, टीव्ही असो वा नसो, काही बघा वा न बघा. म्युनिकमध्ये ‘माझ्याकडे टीव्ही नाही’ म्हणून सुटका होत नाही. इथे बघण्याच्या सवयीवरून होऊ शकते. ब्रिटनमध्येही ही पद्धत कायम राहील याची खात्री नाही. बीबीसीची सध्याची सनद २०२७ अखेर संपते आणि पुढे पैसा कसा उभा करायचा यावर वाद चालू आहे. तोवर आजचा कायदा लागू.

लायसन्स घेतलंत आणि कोर्स संपवून मधेच परत निघालात, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात. मुदत संपायला किमान एक पूर्ण महिना बाकी हवा. इथलं बँक खातं बंद करायच्या आधी तो अर्ज करा.